शाल पदकांवर टाकू नका

वर्षातून पाच-सहा वेळा गावोगावी माजी सैनिकांचे आभार मानायचा हंगाम येतो. २६ जानेवारी, १ मे, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस. त्यात अलीकडे १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाची भर पडली आहे; १९५३ साली त्या दिवशी जनरल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून ती तारीख. मंडप तोच, शाल तीच, निवेदकाची वाक्यंही तीच. "हे सीमेवर जागतात म्हणून आपण सुखाने झोपतो" हे म्हटल्याशिवाय कुणाचा माईक खाली येत नाही. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला असतो.

त्याला आभार नको असतात, असं नाही. बोलावलं नाही तर राग येतो आणि बोलावलं तर अवघडायला होतं; दोन्ही खरं आहे. अवघडण्याची कारणं मात्र वेगवेगळी असतात. आयोजकांना ती माहीत नसतात, म्हणून दरवर्षी त्याच चुका होतात.

बहुतेकांच्या लेखी ती नोकरी होती. भरतीला धावले ते घरी कोरडवाहू जमीन आणि पाठीवर भावंडं होती म्हणून. पगार घेतला, रजा घेतल्या, आता पेन्शन घेतात. "त्याग" हा शब्द कानावर पडला की आपल्या नावावर भलतीच रक्कम जमा झाल्यासारखं वाटतं. याहून खोल कारण आहे ते मंचावर कुणी बोलत नाही: युनिटमधला जो परत आला नाही, त्याचा मान आपण घेतोय. कारगिलच्या कार्यक्रमात हे फार जाणवतं. निवेदक ५२७ हुतात्म्यांचा आकडा वाचून पुढे जातो. समोर बसलेल्याला त्यातली दोन-तीन नावं घरच्यांसकट माहीत असू शकतात.

पण सगळ्यात जास्त अवघडायला लावते ती खोटी स्तुती. सैन्य म्हणजे फक्त पायदळ नव्हे. गाड्या चालवणारे, स्वयंपाक करणारे, सिग्नलची तार ओढणारे, ईएमईच्या (सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेच्या) वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडणारे, दवाखान्यात पट्ट्या बांधणारे, रेशन मोजून देणारे, ही फौज मोठी आहे. सतरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला "शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलणारे" म्हणून पुकारलं की तो लाजतो. कारण मंडपात त्याचेच चार जुने सोबती बसलेले असतात, आणि त्यांना सगळं माहीत असतं. पुढचे सहा महिने ते त्याला त्याच वाक्यावरून चिडवणार. उलट "यांनी उणे तापमानात बंद पडलेले ट्रक चालू केले" असं म्हणा, तो मान वर करून बघेल.

१९७१ वाल्यांचं गणित निराळं. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते परतले तेव्हा गावात मिरवणूक नव्हती. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेले. यातल्या अनेकांना आज कुणी विचारलं तर बोलायचं असतं. त्यांच्या हातात माईक द्या, पण वेळेचं बंधन घालू नका. दोन मिनिटांत आटपा म्हणायचं असेल तर देऊच नका.

आणि आता नेमकं उलट टोक गाठलं आहे. निवृत्त होऊन येणाऱ्या जवानाची सेवापूर्ती मिरवणूक: उघडी जीप, डीजे, जेसीबीच्या बादलीतून फुलं, चौकात फ्लेक्स आणि फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा मोठे इतरांचेच फोटो. शिपाई किंवा नायक म्हणून निवृत्त होणारा माणूस चाळिशीच्या आसपासचा असतो, मुलं शाळेत असतात, आणि पुढच्या सोमवारपासून त्याला दुसरी नोकरी शोधायची असते. जेसीबीचं भाडं पुष्कळदा त्याच्याच घरून गेलेलं असतं. तोफखान्यातून आलेल्यांपैकी काहींचे कान आवाजाने आधीच गेलेले असतात, काहींना अचानक झालेला स्फोटासारखा आवाज सोसत नाही. सुतळी बॉम्ब लावण्याआधी घरच्यांना विचारायला काय हरकत आहे?

सत्कार करायचाच असेल तर आठवडाभर आधी एक फोन करा. त्या फोनवर पाच गोष्टी लिहून घ्यायच्या: सेनादल कोणतं (भूदल, नौदल की वायुदल), निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर (सिग्नल्स, ईएमई यांसारखी शाखा), सेवेची वर्षं कुठून कुठपर्यंत, आणि पदकं. गावातल्या कुणाला विचारून लिहू नका. गाव प्रत्येकाला "मिलिटरीवाला" म्हणतं, आणि तिथेच घोळ सुरू होतो. नौदलातल्या पेटी ऑफिसरला "जवान" म्हटलं जातं. सुभेदाराला हवालदार केलं जातं, कारण लोकांना पोलिसातला हवालदार ओळखीचा. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर असा भूदलाचा क्रम आहे. नायब सुभेदारापासून वरच्यांना जवान "साहेब" म्हणतात. शिपायाचा नायब सुभेदार व्हायला आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं गेलेली असतात. ती माईकवर एका सेकंदात पुसू नका. काहींना निवृत्तीच्या सुमारास मानद नायब सुभेदार, मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळालेला असतो. तो असेल तर लिहायलाच हवा.

पत्रिकेवर आणि सन्मानचिन्हावर आधी हुद्दा, मग नाव, आणि कंसातलं "निवृत्त" सगळ्यात शेवटी. "सुभेदार (निवृत्त) अमुक पाटील" नाही, "सुभेदार अमुक पाटील (निवृत्त)". निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही. सैन्यातला कुणीही ही चूक लांबून ओळखतो.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतून निवृत्त झालेले गावात बरेच असतात. ती दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांचे पेन्शनचे आणि उपचारांचे नियम वेगळे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी त्यांचा संबंध नाही. त्यांना बोलावू नका असं मुळीच नाही. त्यांच्या दलाचं नाव घेऊन बोलवा. एका गठ्ठ्यात "माजी सैनिक" म्हटलं की दोन्हीकडचे मनातून खट्टू होतात.

आता पदकं. छातीवर सहा-सात पदकं दिसली म्हणून "शौर्यपदक विजेते" म्हणू नका. त्यातली बहुतेक सेवेची असतात: नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं, वीस वर्षांचं, उंच प्रदेशातल्या सेवेचं, सियाचीनचं, स्वातंत्र्याच्या वर्धापनाचं. शौर्याची वेगळी: परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, आणि सेना पदक. सेना पदकातही शौर्यासाठीचं आणि विशिष्ट सेवेसाठीचं असे दोन प्रकार आहेत, म्हणून नुसतं "सेना पदक" ऐकून थांबू नका, कशासाठी तेही विचारा. खरं शौर्यपदक असेल तर त्याचं वर्ष आणि ठिकाण त्यांच्याच शब्दांत घ्या. इंटरनेटवरून उतरवलेलं वर्णन वाचायला घेतलं की अर्ध्या वाटेत ते अस्वस्थ होतात.

पदकं डाव्या छातीवर लावतात. आपण शाल दोन्ही खांद्यांवरून ओढून समोर आणतो. पदकं झाकली जातात आणि शालीच्या धाग्यात अडकतात. काढताना कुणीतरी ओढतं आणि फीत फाटते. शाल घडी करून हातात द्या किंवा नुसती उजव्या खांद्यावर ठेवा. हाराचंही तेच. गणवेश घालून या असा आग्रह धरू नका. निवृत्तांचा रीतसर वेश म्हणजे ब्लेझर, रेजिमेंटचा टाय किंवा टोपी आणि पदकं. सत्कार कार्यक्रमाच्या सुरुवातीला उरका. ऐंशीच्या घरातला माणूस उन्हात, बिनपाठीच्या खुर्चीवर, तीन भाषणं ऐकून मग शाल घ्यायला उभा राहतो तेव्हा त्याचे गुडघे आधार सोडतात, आणि फोटोत ते "भावुक झाले" असं दिसतं.

वीरनारी आणि वीरमाता यांचा मान पहिला. इथे आपल्याकडे एक नेहमीची फजिती होते. सत्कार करणारी बाई ताटातलं हळदकुंकू घेऊन पुढे येते, समोर जवानाची विधवा आहे हे लक्षात येऊन हात थबकतो, आणि सगळ्या मंडपाला ते दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारनेही त्यानंतर परिपत्रक काढलं. तरी मंचावर ऐनवेळी क्रांती करायला जाऊ नये. आदल्या दिवशी त्यांनाच विचारावं: कुंकू लावलेलं चालेल का, ओटी भरू का? बऱ्याच जणी हो म्हणतात, काही नाही म्हणतात. उत्तर काहीही असो, ताट घेऊन येणाऱ्या बाईला ते माहीत हवं. आणि त्यांची ओळख फक्त "अमुक यांच्या पत्नी" एवढीच करून देऊ नका. त्या आज काय करतात, मुलं कुठे शिकवली, तेही सांगा.

मंडपाबाहेर, पारावर किंवा लग्नात, आभार मानणारे वेगळ्याच खोड्या करतात. "किती जणांना उडवलंत?" हा प्रश्न चेष्टेतही नको. "पेन्शन किती बसते?" तितकाच वाईट. आणि "देशासाठी खूप केलंत, सलाम" म्हणून झाल्यावर लगेच "कॅन्टीनमधली एक बाटली मिळेल का?" येतं, तेव्हा आधीच्या सलामाचं मोल समोरच्याला बरोबर कळतं. कॅन्टीनची दारू कार्डधारकाच्या वापरासाठी असते, तिला महिन्याचा कोटा असतो, आणि ती बाहेर विकणं नियमाविरुद्ध आहे. पकडला गेला तर कार्ड त्याचं जातं, तुमचं नाही.

बोलायचंच असेल तर पहिलं पोस्टिंग कुठलं, ट्रेनिंग कुठे झालं, युनिटमधले कोण अजून भेटतात, एवढं विचारा. बोलायचं असेल ते बोलतील, नसेल तर हवापाण्यावर येतील. मग हवापाण्यावरच राहा. याहून चांगली एक युक्ती आहे आणि तिला पैसेही लागत नाहीत: त्यांच्या रेजिमेंटचा किंवा कोअरचा दिवस लक्षात ठेवून त्या सकाळी फोन करणं. मराठा लाइट इन्फंट्रीचा मराठा दिन ४ फेब्रुवारीला, सिंहगड घेतला त्या तारखेला. सिग्नल्सचा १५ फेब्रुवारी, तोफखान्याचा २८ सप्टेंबर, महार रेजिमेंटचा १ ऑक्टोबर, ईएमईचा १५ ऑक्टोबर, सगळ्या पायदळाचा २७ ऑक्टोबर. वायुदल ८ ऑक्टोबर, नौदल ४ डिसेंबर. १५ ऑगस्टला त्यांना शंभर संदेश येतात, २८ सप्टेंबरला फक्त जुन्या तोफखानावाल्यांचे. त्यात तुमचा एक असेल तर तो वाचला जातो.

सन्मानचिन्हाला जे पाचशे-हजार जातात त्याऐवजी एक दुपार द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. माजी सैनिकाचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळते का ते बघा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, "बाई" आणि "ताई" यांची अदलाबदल, जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष, हे सर्रास आढळतं. तो हयात असताना हे त्याच्या अर्जाने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला कळवून दुरुस्त करता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. तो गेल्यावर हेच काम तिच्यावर येतं: प्रतिज्ञापत्रं, चकरा, आणि तोवर कुटुंब पेन्शन अडकलेली.

हयातीच्या दाखल्याचंही तसंच. म्हाताऱ्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही, म्हणून लोक केंद्रावर दोनदा-तीनदा परत येतात. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. पेन्शन "स्पर्श" या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत गेली असेल तर वाटप करणारी संस्था म्हणून स्पर्श निवडायचं. सवयीने जुनी बँक निवडली तर दाखला तयार होतो, पण पोहोचायचा तिथे पोहोचत नाही, आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबल्यावरच ते कळतं. घरपट्टीतल्या सवलतीसाठीही ग्रामपंचायतीने वाट बघू नये. राज्याने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या करातून सूट दिली आहे. त्यांच्याकडून कागद मागवून घ्या आणि सत्काराच्या दिवशी शालीऐवजी तो मंजुरीचा कागद हातात द्या.

ध्वजदिन निधी १९४९ पासून चालू आहे. स्टिकर घेऊन वीस रुपये टाकणं ठीक, पण मोठी रक्कम असेल तर पावती घ्या. जुन्या करप्रणालीत त्यावर करसवलत मिळते.

एक नवी अडचण मात्र दारात येऊन उभी आहे. भूदलातल्या अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानांची, पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ सरता सरता भरतात. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त एक चतुर्थांश. बाकीचे विशी-पंचविशीत घरी येतील, सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन, पण पेन्शनशिवाय. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयाची यादी पुढे ठेवून सत्कारमूर्ती ठरवणाऱ्या मंडळाला त्यांची नावं त्यात सापडणार नाहीत. त्यांची यादी गावालाच करावी लागेल. फोनवर विचारायचे प्रश्न तेच पाच, फक्त एक जोडायचा: सध्या काम बघताय का, कसलं?