आमची वाटचाल : क्राऊन-पिनियनपासून पाळण्यापर्यंत

सोलापुरात हैदराबाद रोडला मार्केट यार्डाजवळ वडिलांनी वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आत एक लेथ, एक प्रेस आणि एक चेन ब्लॉक होता. कांद्याचा हंगाम आला की यार्डाबाहेर ट्रकांची रांग लागायची आणि त्यातले दोन-तीन तरी मागच्या एक्सलचं हाउसिंग उघडायला आमच्याकडे यायचे. जादा भार, चढाला झटक्यात सोडलेला क्लच, तळाला गेलेलं तेल. क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, दाते तुटायची कारणं दर वेळी हीच. इंजिनवाले वेगळे, ब्रेकवाले वेगळे, आम्ही डिफरन्शियलवाले, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीचे कारागीर. वडिलांनी दुसरं काम कधी घेतलं नाही.

शाळा सुटली की मी तिथेच असायचो. क्राऊनच्या दातांना निळा रंग लावायचा, क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, हाताने फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या मधल्या भागात आला तर ठीक, कडेला सरकला तर शिम (पातळ चकती) बदलून पुन्हा बांधायचं. प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळी हालचाल, डायल गेजवर बघायचा. लहान गाडीत तो मिलिमीटरच्या दहा-पंधरा शतांशांच्या आसपास असतो. पिनियनचा नट एकदा सोडला की आतली चेपणारी स्लीव्ह नवीनच टाकायची, जुनी वापरायची नाही. या एका गोष्टीवरून वडिलांनी चांगली गिऱ्हाइकं परत पाठवलेली मी पाहिली आहेत. "आधी दाते मोज, मग बोल," हे त्यांचं वाक्य मी आज आमच्या पोरांना सांगतो.

पुढे इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं यायला लागली. २००७ पासून बाजा ही कॉलेजच्या मुलांनी गाडी बांधायची स्पर्धा सुरू झाली आणि आपल्याकडच्या मुलांनाही पाइपची गाडी बांधायची हौस लागली. त्यांच्या गाडीत बहुधा तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स असायचा, डिफ (डिफरन्शियल) त्याच्याच पोटात. आमच्या वाट्याला एक्सल कापणं, त्याच्या टोकाला स्प्लाइन (उभ्या खाचा) काढणं एवढंच यायचं. पैसा फारसा नव्हता, पण कागदावर चासी आधी काढायची आणि मग पाइप कापायचा, ही सवय आम्हाला त्या मुलांनी लावली.

खरं वळण आलं २०२० च्या लॉकडाऊननंतर. होटगी रोडला टॉवेलचा कारखाना असलेले एक गृहस्थ आले. माग बंद होते त्या काळात त्यांनी घरामागच्या शेडमध्ये दोन सीटच्या उघड्या गाडीची चासी स्वतः वेल्डिंग करून उभी केली होती, २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची, १६ गेजमध्ये. इंजिन आणि गिअरबॉक्स जिप्सीचा. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हवं होतं, म्हणून त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून अपघातात गेलेल्या एका जर्मन सेदानचं डिफरन्शियल आणलं होतं. ते म्हणाले, "दादा, एवढं फक्त बसवून द्या."

आपल्याकडे हाच पहिला अडथळा असतो. ओम्नी, जिप्सी, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, पण सगळ्यांचा मागचा एक्सल अखंड. चासीला घट्ट बसणारं आणि दोन्ही बाजूंना वेगळे शाफ्ट देणारं डिफ बहुधा महागड्या परदेशी गाडीतून काढावं लागतं. चारचाकी ड्राइव्हच्या जीपगाडीचं पुढचं डिफ मागे लावू का, असं अनेक जण विचारतात. आम्ही नको म्हणतो. पुढच्या एक्सलसाठी उलट कापलेलं क्राऊन-पिनियन मागे लावलं की पुढे जाताना सगळा जोर दाताच्या चुकीच्या अंगावर येतो.

आम्ही दाते मोजले. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ११, म्हणजे ३.९ चं प्रमाण : चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ३.९ फेऱ्या. १३ इंची चाकाला १८५/६० चा टायर, घेर जवळपास १.७३ मीटर. चौथा गिअर सरळ (एकास एक) धरला तर इंजिनच्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांना ताशी १६० किलोमीटर. ओम्नीचं पाचच्या वरचं प्रमाण लावलं असतं तर हीच गाडी १२० च्या पुढेमागे थांबली असती. हलक्या गाडीला ३.९ शोभतं. झाकण उघडून ठसा बघितला, सील बदलले, बुजलेला ब्रीदर (हवा बाहेर जायचं भोक) साफ केला. ब्रीदर बुजला की आतली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि लोक उगाच सीलवर सील बदलत बसतात. इथपर्यंत सगळं आमच्या हातचं काम होतं.

बसवताना मात्र आम्ही चुकलो. मागचे दोन बोल्ट नीट घेतले, पण नाकाचा, म्हणजे डिफच्या पुढच्या पिनियनकडच्या टोकाचा, बोल्ट चासीच्या आडव्या पाइपला भोक पाडून थेट आरपार घातला. दिसायला सुबक दिसत होतं. अक्कलकोट तालुक्यातल्या त्यांच्या शेतातल्या रस्त्यावर पहिली चाचणी घेतली. तिसऱ्यांदा क्लच सोडल्यावर टण्ण आवाज झाला आणि गाडी थांबली. खाली वाकून पाहिलं तर बोल्टाने पाइप चेपून फाडला होता, डिफचं नाक दीड सेंटिमीटर वर आणि गिअरबॉक्समधून डिफपर्यंत येणारा जॉइंट शाफ्ट गाडीच्या तळाच्या पत्र्याला घासलेला. मालक एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार लागलं.

त्या रात्री मी हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. ट्रकच्या अखंड एक्सलमध्ये ही ओढ कमानी झेलतात, म्हणून आमच्या घरात हा विचार कधी झालाच नव्हता. डिफ चासीला बांधलं की चाकांना जेवढा पीळ (टॉर्क) मिळतो तेवढाच उलटा पीळ डिफच्या कवचाला बसतो. पिनियन क्राऊनवर चढायला बघतं, नाक वर उचलतं. इंजिनचा पीळ १०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर साडेतीनपट, डिफ ३.९ पट : एकूण १,३६५. नाकाचा बोल्ट आणि मागचे बोल्ट यांत ३० सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे नाकावर साडेचार हजार न्यूटनहून जास्त ओढ. ज्वारीची क्विंटलची साडेचार पोती त्या एका बोल्टाला टांगल्यासारखी, आणि झटक्यात क्लच सोडला तर त्याहून कितीतरी जास्त. १६ गेजच्या पाइपची भिंत दीड मिलिमीटरच्या जवळपास. ती टिकणार कशी?

दुसऱ्यांदा आम्ही आधी डिफसाठी वेगळी चौकट बांधली. आमच्या वर्कशॉपमध्ये तिला पाळणा म्हणतात. पाइपमध्ये जिथे जिथे बोल्ट जातो तिथे जाड नळी घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड केली, म्हणजे बोल्ट आवळला तरी पाइप चेपत नाही. नाकाच्या ब्रॅकेटला ५ मिलिमीटरची प्लेट दिली आणि तिथून दोन तिरके पाइप चासीच्या वरच्या पट्टीपर्यंत नेले, कारण ओढ वरच्या दिशेने आहे. मागचं झाकण अ‍ॅल्युमिनिअमचं असल्याने त्याचे कान ताणात राहिले तर तडकतात, म्हणून तिन्ही जागी मूळ गाडीचे रबरी बुश ठेवले.

जागा ठरवायला आमचे वेल्डर अण्णा गवंड्याचं सामान घेऊन आले : ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी. फरशीवर खडूने गाडीची मध्यरेषा मारली. इथे माझी एक समजूत दुरुस्त झाली. मी डिफचं पोट मध्यरेषेवर आणायला बघत होतो. पण पोट किंवा पिनियन मध्यावर असायलाच हवं असं नाही. दोन्ही चाकांचे शाफ्ट जिथे जोडतात त्या फ्लँजमधली रेषा मध्यरेषेला काटकोनात हवी, आणि पिनियनचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर हवा. मग जॉइंट शाफ्ट थोडा तिरका गेला तरी दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे (वळत्या सांध्यांवरचे) कोन सारखे राहतात आणि थरथर एकमेकांत जिरते. कोन अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. आम्ही दीड अंश ठेवला. आधी फक्त वेल्डिंगचे टाचे मारले, चाकं वर-खाली पूर्ण हलवून शाफ्टचे जॉइंट कुठे तळाला लागतात का, कुठे सुटतात का ते पाहिलं, मग आलटूनपालटून समोरासमोर वेल्ड केलं. तरीही चासी २ मिलिमीटर खेचली गेली. शिम घातली.

बाजूचे शाफ्ट कापून जोडायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. नाही जोडले. ईएन २४ या मजबूत पोलादाच्या बारमधून नवीन शाफ्ट कातले, स्प्लाइन काढले आणि कडक करायला पुण्याला पाठवले. त्यात दीड महिना गेला.

अशी गाडी बांधायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगतो. घरी बांधलेल्या गाडीला सहजासहजी नंबर मिळत नाही. नव्या गाडीच्या नमुन्याला एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची चाचणी लागते, आणि जुन्या गाडीच्या आरसीवर नवी चासी फिरवणं मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाही. ती शेतात चालवा, ट्रॅकवर न्या. हे ऐकून काही जण उठून जातात, आणि ते मला मान्य आहे.

दुसऱ्या चाचणीला वडीलही आले. मालकांनी वीसेक वेळा क्लच सोडला. वडिलांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कवचाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं, मग हात ठेवून पाहिला. "गरम आहे, पण ओरडत नाही," म्हणाले. नाकाशी खडूची जी खूण केली होती, ती हलली नव्हती.

ट्रकचं काम आजही आमचा आधार आहे. पाळण्याचं काम वर्षाला दोन-तीनच येतं, आणि मोजमापाचे तीन दिवस मी बिलात वेगळे लिहितो. सध्या भिंतीकडे सांगलीच्या एका शेतकऱ्याची चासी उभी आहे. तिचं डिफ यायचं आहे. तोवर अण्णांनी फरशीवर मध्यरेषा मारून ठेवली आहे आणि झाडणाऱ्या पोराला तिकडे झाडू फिरवायला मनाई केली आहे.