पाचव्या गाण्यात आवाज तरणे झाले

२०२१ चा दिवाळी पाडवा ५ नोव्हेंबरला होता. पैठण गेटजवळच्या माझ्या अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मी मुहूर्तापुरती पूजा केली होती, गिऱ्हाईक येईल असं वाटलं नव्हतं. साडेदहाला एक निवृत्त प्राध्यापक आले, सोबत भाऊबीजेसाठी माहेरी आलेली त्यांची धाकटी बहीण. त्यांचा जुना अ‍ॅम्प महिनाभर माझ्याकडे होता. वीज स्थिर ठेवणारे फिल्टर कॅपॅसिटर फुगले होते आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणात, खरखर होती. दोन्ही बदलून झालं होतं, फक्त ऐकून बघायचं राहिलं होतं.

"आज निघालेलंच लाव," सर म्हणाले. अ‍ॅबा या स्वीडनच्या पॉप गटाचा 'व्हॉयेज'. १९८१ च्या 'द व्हिजिटर्स'नंतर चाळीस वर्षांनी आलेला त्यांचा नवा अल्बम. दोन जोडपी, दोघांचेही घटस्फोट झालेले, चौघंही आता सत्तरीपार. विद्यापीठाच्या वसतिगृहात सरांनी त्यांच्या कॅसेटी झिजवल्या होत्या आणि सुट्टीत घरी आणून बहिणीला ऐकवल्या होत्या.

पहिलं गाणं सुरू झालं. बायकांचे आवाज खाली उतरलेले, थोडे जाड झालेले, पण दोघी एकत्र गायला लागल्या की तीच मिठी. ताईंनी डोळे मिटले. मी उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर हात ठेवून उभा होतो, तो काढायचं भानच राहिलं नाही.

तिसरं गाणं नाताळचं, शेवटी लहान मुलांचा कोरस. सर खुर्चीत चुळबुळले. "फार गोड केलंय रे." मलाही तसंच वाटलं. चौथ्याला पुन्हा ठेका मिळाला.

मग पाचवं सुरू झालं. माझ्याकडे कामाला एक पोरगा आहे, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, अ‍ॅबा हे नाव त्यानं त्याच दिवशी ऐकलेलं. स्क्रू आवळता आवळता थांबला आणि म्हणाला, "भाऊ, ह्या गाण्यात बाया एकदम तरण्या वाटायल्यात की!"

सरांनी मोबाइलवर शोधलं. 'जस्ट अ नोशन'मधलं गायन खरंच १९७८ सालचं होतं, वाद्यं तेवढी नव्यानं वाजवलेली. मी तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे, पण हे मला नाही, त्याला आधी कळलं. त्याचं कान देऊन ऐकणं त्या दिवशी मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

त्यामुळेच हा अल्बम असमान का वाटतो, ते मला उमगलं. जिथं म्हाताऱ्या आवाजाला त्याच्या वयाचं गाणं मिळालंय तिथं तो उभा राहतो, जिथं सगळ्यांना गोड वाटावं म्हणून केलंय तिथं बसतो. ताईंना हे अजिबात पटलं नाही. भुंग्याचं आठवं गाणं मला पांचट वाटलं, त्यांना मात्र सगळ्यात आवडलं. बाहेरही असंच झालं. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला, समीक्षकांचं मात्र एकमत झालं नाही. पुढं ग्रॅमी या संगीत पुरस्काराची नामांकनं मिळाली, जी ऐन भरात असताना त्यांना एकदाही मिळाली नव्हती.

दहा गाणी संपायला पाऊण तासही लागला नाही. सर म्हणाले, "सातवं परत लाव." त्यात घटस्फोट झालेली आई पोराला बापाकडे सोडून जाते आणि त्याच्यावर लक्ष ठेव म्हणून सांगते. ताई ते ऐकताना भिंतीकडे बघत होत्या. गाणं संपताना पियानोचे चार-दोन सूर आले आणि त्या एकदम वळल्या.

"दादा, हे त्यांच्या 'एसओएस' गाण्यातलं आहे. आपल्या कॅसेटमधलं!"

सरांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते शेवटचे काही सेकंद मी तीनदा लावले.