कॉस्टिकला घरचा पर्याय: बेगलसाठी भाजलेला सोडा

बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल, चिवट पाव. त्याचं पीठ घट्ट असतं, मळताना दंड भरून येतात, पण त्यात अवघड असं काही नाही. खरी अडचण पाण्यापाशी येते. बेगल ओव्हनमधे जाण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायचा असतो आणि त्या पाण्यात काय घातलंय यावर त्याचा रंग, चकाकी आणि वरचा पापुद्रा ठरतो. माझे बेगल साध्या पाण्यातून काढले की ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमधे, कितीही वेळ ठेवा, फिक्केच निघायचे. खायला ठीक, पण बघणाऱ्याला वाटावं की पावाच्या लादीला मधे भोक पाडलंय.

बेगल हा मूळचा पोलंडमधल्या ज्यू लोकांचा. क्राकूव्ह शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचं नाव सापडतं. तिथून तो अमेरिकेत गेला. न्यूयॉर्ककडे उकळीच्या पाण्यात बार्लीच्या माल्टचा पाक घालतात, कॅनडातल्या मॉन्ट्रियलला मध. आणि काही बेकर त्या पाण्यात चक्क कॉस्टिक सोडा, म्हणजे कातडी भाजणारा जहाल क्षार घालतात, जर्मनीत प्रेट्झेल या गाठीच्या आकाराच्या खाऱ्या पावाला लावतात तसा. प्रेट्झेलचा तो तांबूस-काळपट तुकतुकीत रंग कॉस्टिकचाच. भाजताना पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यात जी क्रिया होऊन खरपूस रंग-वास येतो, ती लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मधे मांडली. पृष्ठभाग अल्कधर्मी, म्हणजे क्षारयुक्त असला की ही क्रिया झपाट्याने होते. बाकी सगळा खेळ एवढ्याचाच आहे.

प्रेट्झेलसाठी साधारण तीन-चार टक्क्यांचं कॉस्टिकचं द्रावण वापरतात. भाजताना उरलेसुरले कॉस्टिक हवेतल्या आणि पिठातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून निरुपद्रवी होतं, त्यामुळे खायला भीती नसते. भीती आहे ती त्याआधीची. पाण्यात टाकलं की ते स्वतःच तापतं, कातडी भाजतं, डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे ते खाण्याच्या प्रतीचं हवं.

तरी नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीपासून सुरुवात करून चार दुकानं विचारली. एका दुकानदाराने डबा काढला खरा, पण देताना हात आखडता घेतला. "ताई, हे नाली साफ करायचं हाय. तुम्ही काय करून रायल्या याचं?" म्हटलं, पाव. त्याने डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला. मला त्याचं बरोबरच वाटलं. घरात लहान मूल आहे, ओटा एकच आहे. कॉस्टिकचा विषय मी तिथेच सोडला.

शेजारच्या काकू मूळच्या नागपूरच्या महाल भागातल्या. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर पापड, कुरड्या, सरगुंडे असं सगळं वाळत असतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "काऊन वं, पापडखार टाक ना त्यात! खारच पाह्यजे ना तुले?" बोलणं अगदी मुद्द्याचं होतं. पापडाच्या पिठात आपण जे घालतो ते क्षारच. जपानी रामेनच्या नूडल्सना पिवळेपणा आणि चिवटपणा देणारं कान्सुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, आणि आसामात केळीच्या सालीच्या राखेतून खार काढून स्वयंपाकात वापरतात. सगळी एकाच कुळातली मंडळी. पण माझ्याकडच्या पापडखाराच्या पुडीवर त्यात काय आणि किती हे लिहिलेलं नव्हतं. पापडाला काकूंचा हात आणि अंदाज पुरतो. मला लिटरला किती ग्रॅम घालायचं ते ठरवायचं होतं, तिथे ही पुडी कामाची नव्हती.

धुण्याचा सोडा म्हणजेही सोडियम कार्बोनेट. मात्र तो कपड्यांसाठी बनवलेला असतो, त्याला शिजवण्याच्या भांड्यापासून लांबच ठेवलेलं बरं.

मग उरला खायचा सोडा, आणि उत्तर त्यातच होतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्यात घातला तर पीएच, म्हणजे पाण्याच्या क्षारपणाचं माप, आठच्या थोडा वर जातो, म्हणजे नाममात्र. पण तो कोरडा तापवला की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. त्याच्या पाण्याचा पीएच अकराच्या वर जातो. कॉस्टिकइतका नाही, पण बेगलला रंग चढवायला पुरेसा. खाण्याच्या प्रतीच्या सोड्यापासून केल्यामुळे जे तयार होतं तेही खाण्याचंच. बेकिंग पावडर किंवा पोटासाठी घेतात ते फ्रूट सॉल्ट इथे चालत नाही, त्यात आम्ल मिसळलेलं असतं.

कृती म्हणाल तर एवढीच: सोडा ताटात पसरायचा आणि भाजायचा. ताट स्टीलचं घ्यायचं. ओटीजीसोबत आलेला ट्रे अॅल्युमिनियमचा असेल तर तो नको, आणि पुढे उकळीसाठी जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं तर अजिबात नको, क्षार ते खातो आणि भांडं काळं पडतं. मी अडीचशे ग्रॅम सोडा ताटात बोटभरापेक्षा कमी जाडीचा पसरला आणि ओटीजी १५० अंशांवर लावला.

इथे एक गंमत आहे. भाजण्याआधी पांढरी भुकटी, भाजल्यावरही पांढरीच भुकटी. रंग बदलत नाही, वास येत नाही, तडतडत नाही. झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. "एक तास भाजा" असं सगळे सांगतात, पण कोणाच्या ओव्हनचा एक तास? माझ्या ओटीजीचा काटा १५० दाखवतो तेव्हा आतला थर्मामीटर कधी १३० दाखवतो, कधी १६०. त्यात आमच्याकडे अर्ध्या तासातच लाईन गेली. उन्हाळ्यात दुपारी जाते तशी. ओव्हन थंड झाला, घड्याळाचा हिशोब संपला.

म्हणून मी भरवसा ठेवला तो वजनकाट्यावर. हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे: १६८ भाग बायकार्बोनेटमधून १०६ भाग कार्बोनेट उरतं, म्हणजे शंभर ग्रॅमचे साधारण त्रेसष्ट. माझे अडीचशे ग्रॅम पूर्ण भाजले गेले तर १५८ च्या आसपास यायला हवे होते. लाईन आल्यावर पुन्हा लावलं, तासाभराने ताटासकट तोललं आणि ताटाचं वजन वजा केलं, तर १७१. चमच्याने खालीवर करून पुन्हा आत. त्यानंतर १५८. खात्रीसाठी आणखी थोडा वेळ ठेवला, तरी १५८ च. वजन हलायचं थांबलं की सोडा झाला. मधे लाईन दोनदा जावो, ओव्हन खोटं बोलो, काही फरक पडत नाही. ताटाचं वजन मात्र आधीच करून लिहून ठेवावं, तापलेलं ताट रिकामं करत बसायला नको. आणि गरम ताट थेट काट्यावर नाही, खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणायचा.

ढवळताना भुकटी उडते. ती नाकात गेली की झोंबते, शिंका येतात. ओल्या हाताला लागली की बोटं आधी बुळबुळीत लागतात, मग चुरचुरतात. मी नाकाला रुमाल बांधला, हातात रबरी मोजे घातले. कॉस्टिकसारखी ती जाळत नाही, पण डोळ्याला हात लावायचा नाही हे नक्की.

काट्यावर विश्वास नसेल तर हळद आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पसरली आणि वाळू दिली. एका बाजूला साध्या सोड्याच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला भाजलेल्या सोड्याच्या. पहिला थेंब नारिंगी होऊन थबकला. दुसरा पडल्या पडल्या लालभडक झाला आणि कडेने विटकरी होत पसरला. काकू शेजारी उभ्या होत्या. "हे त कुंकूच झालं!" म्हणाल्या. ते खरंच आहे, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. मुलाने मग लिंबू पिळून तो डाग परत पिवळा केला आणि पुढचा अर्धा तास त्याला दुसरं काही सुचलं नाही. पण हळद फक्त "क्षार आहे" एवढं सांगते, सगळा सोडा पालटला की निम्माच ते सांगत नाही. ते काटाच सांगतो.

आता पीठ. यावर फार लिहिण्यासारखं नाही. पाचशे ग्रॅम मैदा, दोनशे ऐंशी ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, चार ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि टेबलचमचाभर काकवी. माल्टचा पाक शोधत बसण्यापेक्षा काकवी सोपी, आणि चवीला मला तीच जास्त आवडते. मैदा ज्याच्या पाकिटावर प्रथिनं जास्त लिहिली असतील तो घ्यावा, नाहीतर बेगल चिवट न होता बनपावासारखा मऊ होतो. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात पीठ बघता बघता फुगतं, म्हणून फ्रिजमधलं पाणी घालून मळते, गोल वळून भोक पाडते आणि रात्रभर फ्रिजमधे ठेवते. सकाळी एक बेगल गार पाण्यात टाकून बघायचा. तरंगला तर बाकीचे तयार आहेत.

फरक खरंच किती पडतो हे बघायला मी एकाच पिठाचे बेगल तीन पाण्यांतून काढले. एका पातेल्यात नुसती काकवी. दुसऱ्यात काकवी आणि खायचा सोडा. तिसऱ्यात काकवी आणि भाजलेला सोडा, लिटरला दहा ग्रॅम. प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट, मग झाऱ्याने काढून, निथळून, वर तीळ आणि खसखस. सगळे एकाच ट्रेमधे, २२० अंशांवर, वीसेक मिनिटं.

फरक पाण्यातच दिसायला लागला. भाजलेल्या सोड्याच्या पाण्यातला बेगल उलटला तेव्हा त्याचा वरचा थर पिवळसर आणि तुळतुळीत झाला होता, बोट लावलं तर किंचित चिकट. ओव्हनमधे दहाव्या मिनिटाला त्याने रंग धरला. शेवटी काकवीवाला बदामी, साध्या सोड्याचा त्याहून थोडा गडद आणि भाजलेल्या सोड्याचा चांगला तांबूस, अंगावर चकाकी, पापुद्रा पातळ आणि कापताना कुरकुरणारा. चवीला शेवटच्याला ती प्रेट्झेलची किंचित तुरट-खारी झाक आली. आमच्या घरात मतं फुटली: नवऱ्याला साध्या सोड्याचा आवडला, मला शेवटचा. खायचा सोडा पाण्यात खूप वेळ खळखळवला तर तोही थोडाफार कार्बोनेट होतो, त्यामुळे मधला बेगल अगदीच वाईट नसतो. कधी घाई असली तर तेवढ्यावर भागवावं.

लिटरला दहा ग्रॅमच्या वर मात्र मी जात नाही. पंधरा करून पाहिले तेव्हा पापुद्र्याला साबणाची चव यायला लागली आणि रंग काही त्या मानाने वाढला नाही. प्रेट्झेलला करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गार आणि बरंच दाट द्रावण करून बुडवतात आणि मग साध्या पाण्याने धुऊन घेतात. बेगलला ते धुणं नको म्हणूनच पाणी पातळ ठेवायचं.

उरलेलं पाणी झाडांना घालू नका. मी त्यात गॅसच्या शेगडीच्या जाळ्या भिजवते, तेलाचा थर सुटून येतो. एक्झॉस्ट फॅनची पातीही निघतात, फक्त ती अॅल्युमिनियमची नाहीत ना ते आधी बघायचं.

भाजलेला सोडा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत राहतो. बरणीवर मी ठळक लिहिलंय, "भाजलेला सोडा, भज्यात घालू नये", कारण दिसायला तो हुबेहूब खायच्या सोड्यासारखा आहे आणि सासूबाई काबुली चणे भिजवताना बरणीवरचं वाचत नाहीत. आता ती बरणी वरच्या फळीवर गेली आहे. एरवी नागपूरच्या कोरड्या उन्हात त्याला काही होत नाही, पण पावसाळ्यात तो हवेतला ओलावा पितो आणि खडे धरतो. खराब होत नाही, फक्त दहा ग्रॅम मोजले तर त्यात थोडं पाणीच मोजलं जातं. अशा वेळी ताटात काढून पुन्हा ओव्हनमधे ठेवायचा, आणि पुन्हा तेच, वजन उतरायचं थांबेपर्यंत.