चढावर लागणारा लाल दिवा

दिवा नेहमी चढावरच लागायचा. सपाट रस्त्यावर तासभर गाडी पळवली तरी काही नाही. चढ आला, दुसरा गियर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मीटरमधला थर्मामीटरच्या चित्राचा लाल दिवा लागलाच म्हणून समजा. गाडी वीस वर्षांच्या वरची, बाबांनी हौसेनं घेतलेली. चढावर इंजिनावर भार येतो, भार आला की उष्णता वाढते, म्हणजे इंजिन तापतंय, हे कुणीही म्हणेल. मीही तेच धरून चाललो होतो.

पहिल्यांदा लागला तेव्हा गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता थांबलो. हे झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळे निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण १२० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि अंगावर उसळतं. वरचा जाड होज, म्हणजे रेडिएटरची रबरी नळी, हातानं आरामात दाबता येईपर्यंत मी थांबलो, मग उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा दुधाळपणा नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता.

गॅरेजमध्ये आधी पाण्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा थर्मोस्टॅट बदलला, नंतर पाणी तापलं की दिवा लावणारा स्विच. दोन्हींनी फरक पडला नाही. मग मेकॅनिक म्हणाले, "हेड गॅस्केट असणार, इंजिन खोलावं लागेल." ही गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. इथे मी थांबलो. जुन्या गाडीचं इंजिन एकदा खोललं की गोष्ट गॅस्केटवर थांबत नाही. पक्कं कळल्याशिवाय मला ते करायचं नव्हतं.

पुढच्या वेळी धाकट्या भावाला शेजारी बसवलं आणि त्याला एकच काम दिलं: फक्त मीटरकडे बघायचं. चढावर दिवा लागला. मी पाय उचलला, त्याच क्षणी विझला. परत दाबला, परत लागला. तापमानाचा काटा मात्र मधल्या रेघेवर, जराही हलला नाही.

सगळं उत्तर खरं तर तिथेच होतं. इंजिनातलं पाच-सहा लिटर पाणी एका सेकंदात तापत नाही आणि एका सेकंदात निवतही नाही. खऱ्या तापण्यात काटा आधी हळूहळू वर सरकतो, फॅन धावायला लागतो, दिवा सगळ्यात शेवटी लागतो आणि लागला की बराच वेळ जात नाही. हा दिवा लुकलुकत होता. तो पाण्याबद्दल बोलत नव्हता, वायरबद्दल बोलत होता. पण म्हणून मी तो लगेच खोटा ठरवला नाही. पाणी, होज, फॅन हे सगळं आधी बघून झालं होतं म्हणूनच पुढे वायरिंगला हात घातला.

माझ्या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आणि दिव्याचा स्विच वेगळा आहे. सगळ्या गाड्यांत असं नसतं, कित्येकांत एकच सेन्सर दोन्ही कामं करतो. दिव्याच्या स्विचला एकच वायर येते. दुसरी बाजू त्याच्या आट्यांमधून थेट इंजिनाच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला. किल्ली फिरवली की दिव्याला बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात. पाणी फार तापलं की स्विच आतून जुळतो, वायर अर्थ होते आणि दिवा लागतो. पण या दिव्याला वायर कुठे अर्थ झाली ते कळत नाही. ती स्विचमध्ये झाली काय किंवा वाटेत कुठे सोलून लोखंडाला टेकली काय, त्याच्या लेखी सारखंच.

स्विचची वायर काढली, टोकाला टेप गुंडाळून मोकळी ठेवली आणि काट्यावर नजर ठेवून त्याच चढावर एक फेरी मारली. वायर स्विचला जोडलेलीच नसताना दिवा लागला. नवा स्विच निर्दोष होता आणि जुनाही. जुना मी जपून ठेवला होता. तो उकळत्या पाण्यात धरून मल्टिमीटर लावला तर जुळला नाही, आणि जुळायला नकोच होता, कारण हे स्विच पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जुळतात. उकळत्या पाण्यात काही होत नाही म्हणून चांगला स्विच टाकून देऊ नये.

आता प्रश्न एवढाच उरला की चढावरच का? हँडब्रेक ओढला, चाकांना ओट लावली, भावाला ड्रायव्हर सीटवर बसवलं. ब्रेक घट्ट धरून पहिल्या गियरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगितला. मी गाडीच्या बाजूला उभा होतो. असं करताना पुढे कधीच उभं राहायचं नाही. आडवं बसवलेलं इंजिन मागे, केबिनच्या पत्र्याकडे कललं. थोडंफार सगळीच इंजिनं कलतात, पण हे दोन बोटं सरकलं.

"दादा, लागला!"

रिव्हर्स टाकायला सांगितला. इंजिन पुढे झुकलं.

"गेला. आता नाहीये."

टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या फटीत वाकलो. वायरिंगच्या जुडग्याला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती आणि जुडगं एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या धारेवर लोंबत होतं. बोट फिरवल्यावर खडबडीत लागलं. वरची टेप घासून गेलेली, आत एका वायरचं आवरण नखाएवढं सोललेलं, तांबं हिरवट पडलेलं आणि समोर ब्रॅकेटवर रंग जाऊन तेवढाच चकचकीत ठिपका. इंजिनाला जागेवर धरणारं मागचं माउंटिंग बघितलं तर रबर आरपार फाटलेलं. चढावर जोर लावला की इंजिन मागे कलायचं, वायर धारेवर दाबली जायची आणि दिवा लागायचा. भार आणि दिवा यांचं नातं खरंच होतं, फक्त त्यात उष्णता कुठेच नव्हती.

बॅटरीची निगेटिव्ह काढून हिरवा पडलेला भाग कापला, नवा तुकडा सोल्डर करून जोडला, त्यावर गरम केली की आवळून बसणारी श्रिंक ट्यूब चढवली, जुडगं धारेपासून दूर नव्या क्लिपांनी बांधलं. माउंटिंग मात्र गॅरेजमध्येच बदलून घेतलं. नुसती वायर जोडून ते तसंच ठेवलं असतं तर काही महिन्यांनी दुसरी वायर सोलली असती.

शेवटी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला दुरुस्तीइतकीच महत्त्वाची वाटते. दिवा लागत नाही म्हणजे तो ठीकच आहे असं नाही, तो मेलेलाही असू शकतो. किल्ली फिरवली, स्विचची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवलं. लाल दिवा लख्ख लागला. उचललं, विझला. मग टोक स्विचवर परत घट्ट दाबून बसवलं, भावाला हाक मारली आणि आम्ही त्याच चढाकडे निघालो. वरपर्यंत दुसऱ्या गियरमध्ये गेलो. काटा मधल्या रेघेच्या जरा वर होता आणि दिवा विझलेला होता.