सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, माहीत नाही

गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर झालं की सामाजिक तपासणी अहवालासाठी, म्हणजे त्याच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवण्यासाठी, आम्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरांना) १५ दिवस मिळतात. त्यातले चार-पाच घर शोधण्यातच जातात, कारण आधार कार्डावर मागच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता असतो. मी गृहभेटीला रात्री आठनंतर जाते. दिवसा फक्त शेजारीपाजारी भेटतात, आणि त्यांच्या भरवशावर लिहिलेला अहवाल म्हणजे शिक्का मारलेल्या चकाट्या. (काही जण फोनवरच अहवालाचा फॉर्म भरतात. असो.)

प्रकरण मोटारसायकल चोरीचं. मुलं दोन, दोघंही १६ वर्षांची. याहून जास्त ओळख सांगणं कायद्यातही बसत नाही.

पहिल्याच्या वडिलांनी वकील आधी आणला, मग स्वतः आले. मुलगा कितवीत, असं विचारल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही हो त्याला."

दुसऱ्याची आई धुणीभांडी करते, वडील नाहीत. चोरी उघडकीला आली ती तिच्यामुळे. कपडे भिजवताना पोराच्या शर्टाला पेट्रोलचा वास आला. घरात तर सायकलसुद्धा नाही. दोन दिवस ती गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा हात धरून त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेली.

"अशी आई पाहिली नाही," हवालदार म्हणाले. चाळीतल्या बायकाही अगदी हेच म्हणाल्या, फक्त तोंड वाकडं करून.

माझा एक ठरलेला प्रश्न असतो, फॉर्ममध्ये नसलेला: मुलाच्या बुटाचा नंबर किती? पहिल्या घरी कुणालाच सांगता आला नाही. इथे ती लगेच म्हणाली, "आठ. पण डावा पाय थोरला आहे, म्हणून नऊचा घेते आणि उजव्यात कापूस घालते." (त्या रात्री मी माझ्या लेकाचा बूट उलटा करून नंबर पाहिला.)

पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी निघाले तसा जिन्यात आला. "त्याच्या पप्पांनी त्याला वकील दिला. हिनं मला पोलिसात दिलं."

अहवालाच्या फॉर्ममध्ये, फॉर्म ६ मध्ये, नातेसंबंधांचा रकाना आहे. आई आणि मूल: सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, माहीत नाही. यातलं एक निवडायचं. हा फॉर्म करणाऱ्यानं कधी कुणाच्या घरात पाऊल टाकलं होतं की नाही, कोण जाणे. पहिल्या घरी बापलेकांचं छान जमतं, तिथे 'सलोख्याचे' लिहावं लागलं. इथे मायलेक एकमेकांशी बोलत नाहीत. मी 'माहीत नाही'वर खूण केली आणि दीड पान जोडलं. ते कुणी वाचलं का, ठाऊक नाही. आदेश दोघांनाही सारखाच झाला: पालकांच्या ताब्यात, सोबत समुपदेशन.

समुपदेशनाला पहिल्या मुलाबरोबर ड्रायव्हर येतो. ही दोन घरांची कामं बुडवून येते. पोरगा आधी दाराबाहेर उभा राहायचा. परवा आत आला आणि तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला.