बांधाचं भांडण पेटायच्या आधी मोजणी मागवा

बांधावरून भांडण झालं नाही असं एक गाव नाशिक जिल्ह्यात दाखवा मला. दिंडोरी घ्या, निफाड घ्या, सिन्नर घ्या, आणि मखमलाबाद आडगावकडे तर शेतं जाऊन प्लॉट पडले तरी भांडण तेच राहिलं, बांधाच्या जागी फक्त कंपाउंड आलं. माझं म्हणणं एवढंच आहे की शेजाऱ्याशी तोंड वाजवायच्या आधी, पोलीस स्टेशनला जायच्या आधी, वकील गाठायच्या तर नक्कीच आधी, सरकारी मोजणी मागवा आणि आपण मोजणी मागवतोय हे शेजाऱ्याच्या हातात नोटीस पडायच्या आधी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगा. कारण मोजणी मागवली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि सरकारी कागद घरी आला की समोरचा माणूस पहिल्या दिवसापासून दुश्मनासारखा वागायला लागतो, मग तुमचं कितीही बरोबर असो.

आमच्याकडे द्राक्षाच्या पट्ट्यात बांध का कोरला जातो हे एकदा शेतात उभं राहून बघा. ओळीच्या शेवटी ट्रॅक्टर वळवायला जागा लागते, त्यात मागे ब्लोअर म्हणजे औषध फवारायचं यंत्र असलं की अजून जास्त लागते, आणि एक ओळ कमी लावायची तर कुणाचा जीव होत नाही. मग दरवर्षी वळताना चाक थोडं बांधावर जातं, पुढच्या वर्षी नांगराचा फाळ त्या चाकाच्या खुणेवरून फिरतो आणि पाचसात वर्षांत चार फुटाचा बांध हातभर उरतो. सगळेच काही लबाडीने करत नाहीत हे मी मनापासून सांगतो. पण हिशेब करा ना, बांध 660 फूट लांब असेल आणि तीन फूट सरकला तर 1980 चौरस फूट गेलं, आणि गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या वर जमीन न विकता गेली. समृद्धी महामार्गाला सिन्नर इगतपुरीकडे जमिनी गेल्या तेव्हा ज्यांनी कधी बांधाकडे बघितलं नव्हतं ती माणसं पण एकेका फुटासाठी भांडायला लागली, आणि साहजिक आहे, मोबदला क्षेत्रावर मिळतो.

आता सातबाऱ्याचं. भांडणात प्रत्येकजण खिशातून सातबारा काढून दाखवतो, पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, जमिनीच्या हद्दी नसतात. जमीन कुठून कुठपर्यंत आहे ते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात आणि टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांच्या कागदात, असतं. आणि सगळ्यात जास्त घोळ भावकीच्या वाटणीत असतो. आजोबांनी तोंडी सांगितलं की विहिरीपासून आंब्यापर्यंत थोरल्याचं आणि पलीकडचं धाकट्याचं, सातबाऱ्यावर नावं लागली, पण पोटहिस्सा, म्हणजे गटाच्या आतला प्रत्येकाचा वाटा, कधी मोजलाच नाही. अशा गटाची हद्द मोजायला माणूस आला तर तो गटाची बाहेरची हद्द दाखवेल, आतली रेघ सरकारी नकाशावर नाहीच तर तो कुठून दाखवणार. त्यासाठी आधी रीतसर वाटप आणि पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते, आणि आजोबांच्या पिढीतलं कुणी साक्षीला आहे तोवरच हे काम उरकून घ्या.

आमच्या पश्चिमेच्या बांधाचं सांगतो. शेजारचे अण्णा, म्हणजे वडिलांच्या बरोबरीचे, त्यांच्या बागेच्या ताणाचे अँगल, म्हणजे मांडवाच्या तारा ताणून धरणारे कडेचे लोखंडी खांब, आमच्या हद्दीत आलेत असं आमच्या चुलत्यांचं म्हणणं होतं आणि हद्दीचा जुना दगड तुम्हीच काढला असं अण्णांचं. वडील आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, चहा झाला, मग म्हणाले अण्णा मोजणी टाकतोय, तुमच्यासमोरच होऊद्या, तुम्हाला पटेल तिथेच दगड लावू. अर्ज ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे हद्द ठरवून खुणा दाखवायचा, टाकला. त्यात नियमित आणि द्रुतगती असे प्रकार असतात, घाई असेल तर जास्त फी भरून लवकर तारीख मिळते. आम्ही तारीख एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची, म्हणजे वेली छाटून मांडव मोकळा झाल्यावरची, मिळेल असं बघितलं, कारण मांडवावर पाला गच्च असला की या टोकावरून त्या टोकाचं काही दिसत नाही आणि मोजणीवाल्यांना पण त्रास, आपल्याला पण.

त्या दिवशी मोजणीचे साहेब रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राची, काठी घेऊन एकेक जागा धरत गेले, पूर्वी 33 फुटी साखळी ओढायचे म्हणे, आता ती काठी उभी करायची आणि हातातल्या मशीनवर आकडे येतात. जिथे पॉईंट आला तिथे चुन्याची फुली. अण्णा प्रत्येक फुलीपाशी वाकून बघत होते आणि काही बोलत नव्हते. चौथी फुली त्यांच्या शेवटच्या अँगलच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला पडली. म्हणजे अँगल आमच्यात होते, पण चुलते सांगत होते तेवढी जागा पण गेलेली नव्हती. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं निघालं म्हणूनच सह्या झाल्या असं मला वाटतं. ज्याला मोजणी मान्य नाही त्याने जागेवर हमरीतुमरी करू नये, तिथे आपला आक्षेप लेखी द्यावा आणि निमताना मोजणी मागावी, तो हक्क आहे आणि तेव्हा वरचा अधिकारी येऊन पुन्हा तपासतो.

आता एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. मोजणीवाला शेजाऱ्याला उठवून तुम्हाला जमीन देणार नाही. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात आली की ती तुमचा पुरावा, शेजारी ऐकत नसेल तर ताब्यासाठी दिवाणी कोर्ट. आणि तुमच्या ताब्यातली जागा कुणी जबरदस्तीने घेतली असेल तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा टाकता येतो, त्यात मालकीचा कीस पाडत बसावं लागत नाही, म्हणून ते सहा महिने बैठका घेण्यात घालवू नका. रस्ता किंवा पाण्याची वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायदा 1906 आहे, तिथे पण सहाच महिने. रात्रीतून जेसीबी घालून स्वतः बांध सरळ करायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, चांगली बाजू असलेली माणसं त्या एका रात्रीत आरोपी झालेली मी बघितलीत.

अण्णांचे अँगल आम्ही काढायला लावले नाहीत. ताण सैल पडला तर अख्खी ओळ बसते, चालू बागेचं नुकसान करून आम्हाला काय मिळणार होतं. पण स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की जागा आमची, बाग काढेपर्यंत अँगल ठेवायला आमची परवानगी. हे लिहिणं फार गरजेचं आहे, कारण बारा वर्षं कुणी मालकासारखा उघड उघड ताबा ठेवला आणि तुम्ही गप्प बसलात तर तो जमिनीवर हक्क सांगू शकतो, आणि परवानगीने ठेवलेल्या ताब्यावर तसा हक्क सांगता येत नाही. विश्वास नाही म्हणून लिहायचं नाही, पुढची पिढी कशी निघेल कुणाला माहीत म्हणून लिहायचं.

आणि जिथे जमिनींचा अदलाबदल ताबाच झालाय, म्हणजे माझ्या नावची तुम्ही कसताय आणि तुमच्या नावची मी, आणि हे निदान बारा वर्षं चाललंय, तिथे सरकारने 2023 मध्ये सलोखा योजना आणली, त्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये एवढंच. मुदत आत्ता चालू आहे का ते तलाठ्याकडे विचारून मगच पुढचं ठरवा.

शहरातल्यांनी पण हेच करावं, फक्त तिथे प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढायचा. शेजाऱ्याने मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, सोडलं नाही ही तक्रार महापालिकेची, पण हद्द कुणाची हा वाद महापालिका मिटवत नाही, ते दोन वेगळे अर्ज आहेत.

आमच्या पूर्वेच्या बांधाची मोजणी अजून राहिलीय. तिकडचे भाऊ स्वतःच म्हणाले की या वेळी दोघं आपापल्या गटाचे अर्ज बरोबरच टाकू, कागद मीच काढून ठेवतोय.