डस्टचा 'हार्ड अटॅक': बास बसवताना केलेल्या नोंदी

मागील नोंदीपर्यंत डस्ट या बँडच्या पहिल्या अल्बममधील बास गिटारच्या ओळी कानाने उतरवून घेण्याचे काम बहुतांशी पूर्ण झाले होते. त्यानंतर १९७२ मध्ये आलेला त्यांचा दुसरा आणि शेवटचा अल्बम, 'हार्ड अटॅक', हाती घेतला. त्याची पहिली बाजू आता बऱ्यापैकी बसली आहे, दुसऱ्या बाजूतील दोन गाणी बाकी आहेत आणि एका गाण्याने चांगलाच घाम काढला आहे. एकाच बँडचे दोन अल्बम पाठोपाठ वाद्यावर बसवू लागले, की नुसते ऐकताना निसटून जाणारा फरक बोटांना कळू लागतो. पहिल्या अल्बमवर ही मुले सतत वाजवतात; दुसऱ्यावरही ती काही कमी वाजवत नाहीत, परंतु कुठे थांबायचे हे त्यांना समजू लागले आहे, आणि 'हार्ड अटॅक' प्रगल्भ वाटतो तो प्रामुख्याने यामुळेच, असे माझे मत झाले आहे.

ज्यांच्या कानावर हा बँड आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. डस्ट हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील त्रिकूट होते: गिटार आणि गायन रिची वाइज, बास केनी ॲरनसन आणि ड्रम्स मार्क बेल. गीतलेखन आणि वाइजच्या जोडीने निर्मिती सांभाळणारा केनी कर्नर हा खरे तर चौथा सदस्यच म्हणायला हवा. ॲरनसन आणि बेल दोघांचाही जन्म १९५२ चा, म्हणजे १९७१ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. दोन्ही अल्बम कामा सूत्रा रेकॉर्ड्सने काढले. लविन स्पूनफुल या बँडच्या प्रसन्न पॉप गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीच्या यादीत इतका दणकट आवाज काहीसा उपराच ठरला असणार.

दोन अल्बमनंतर बँड मोडला आणि सगळ्यांचे बरे चालले. वाइज आणि कर्नर निर्माते झाले. किस या रॉक बँडचे पहिले दोन अल्बम, जे दोन्ही १९७४ मध्येच आले, त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ॲरनसन स्टोरीज या बँडमध्ये गेला आणि पुढे बॉब डिलनसह अनेकांच्या साथीला उभा राहिला. बेल रिचर्ड हेलच्या व्हॉइडॉइड्स या बँडमधून १९७८ मध्ये रमोन्स या पंक रॉक बँडमध्ये दाखल झाला आणि मार्की रमोन या नावाने जगाला माहीत झाला. परिणामी डस्टचा उल्लेख नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येतो आणि तिथेच संपतो, याची मला कायम चुटपुट लागते.

२०१३ मध्ये लेगसी रेकॉर्डिंग्जने दोन्ही अल्बम नव्याने मास्टर करून (मूळ ध्वनिमुद्रणाचा समतोल पुन्हा साधून) एकत्र पुनर्प्रकाशित केले. सीडीवर दोन्ही मिळून एका तबकडीत मावतात, तर एलपीच्या आवृत्तीत प्रत्येक अल्बमला स्वतंत्र तबकडी मिळाली आहे. माझ्याकडे आधीची एक जुनी सीडीही असल्यामुळे बास उतरवण्यासाठी कोणती आवृत्ती वापरायची, हे प्रथम ठरवणे आवश्यक होते. अशी तुलना करताना दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी जुळवून घ्यावीच लागते, कारण एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा आवाज कानाला हमखास 'चांगला' वाटतो आणि मग मास्टरिंगबद्दलची सगळी मते व्यर्थ ठरतात. एकेका गाण्याची सरासरी पातळी मोजून मी दोन्ही आवृत्त्या एका डेसिबलच्या काही दशांशांच्या आत आणल्या आणि नंतरच ऐकायला बसलो. नव्या आवृत्तीत बासचा मूळ स्वर आणि बेलचा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांपासून सुटे ऐकू येतात. जुन्या सीडीवर ते एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे बास नेमका किकवर पडतो की किंचित मागे, हे ठरवता येत नाही. माझ्या कामासाठी एवढे कारण पुरेसे होते. झांजांच्या चमकेबाबत मात्र मी कोणत्याही बाजूने हिरिरीने बोलणार नाही.

एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी एक तांत्रिक मुद्दा येथेच नोंदवतो. मूळ रचनेनुसार दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'सुइसाइड' हे अल्बममधील सर्वांत जड गाणे येते आणि त्यामागून अर्ध्या मिनिटाच्या आत संपणारा 'एन्ट्रन्स' हा तुकडा. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असली, तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि आतल्या टोकाला जवळपास २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. तेवढ्याच कालावधीचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरलेला असल्याने उच्च कंपने तिथे सर्वप्रथम फाटतात. 'सुइसाइड'मधील बासला मुळातच डिस्टॉर्शन (मुद्दाम फोडलेला आवाज) आहे, आणि त्यावर सुईचे डिस्टॉर्शन चढले तर ॲरनसनने मुद्दाम घेतलेला खरखरीतपणा कोणता आणि आपल्या यंत्राने घातलेला कोणता, हे वेगळे काढता येत नाही. मी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी बेअरवॉल्ड या पद्धतीवरून बदलून स्टीव्हन्सन या पद्धतीने केली, कारण सुईचा कोन जुळवण्याच्या या दोन पद्धतींपैकी दुसरी आतल्या खाचांना झुकते माप देते. सुईचा भारही उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे नेला. मधल्या गाण्यांत याची थोडी किंमत मोजावी लागते, पण या अल्बमपुरती ती मला मान्य आहे.

आता मुख्य कामाकडे वळतो. पहिल्या अल्बमवर जवळजवळ दहा मिनिटांचे 'फ्रॉम अ ड्राय कॅमल' हे गाणे आहे आणि त्या अल्बमची सगळी वृत्ती त्यात सापडते: एक भरभक्कम रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी सुरावट) सापडली, की ती पिळून काढायची, वाद्ये एकमेकांवर आदळू द्यायची आणि थकल्याशिवाय थांबायचे नाही. यात मजा नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र बासच्या दृष्टीने पाहता तिथे ॲरनसन आणि बेल एकाच रिकाम्या जागेवर एकाच वेळी धाव घेतात. ड्रमचा रोल सुरू होतो त्याच क्षणी बासही चढत्या स्वरांची माळ ओवतो. ऐकणाऱ्याला तो उत्साह वाटतो, पण वाजवणाऱ्याला मात्र पाय टेकायला जमीन सापडत नाही.

'हार्ड अटॅक'ची सुरुवात 'पुल अवे / सो मेनी टाइम्स' या जोडगाण्याने होते, आणि दोन गाण्यांचा सांधा साधारण पाच मिनिटांत बेमालूमपणे जुळवण्याची गरज या मंडळींना वाटली, हाच मला पहिला बदल वाटतो. 'वॉक इन द सॉफ्ट रेन' बसवताना बासची ओळ गायनाच्या चालीला धरून चालते हे लक्षात आले. ओळ संपते तिथे बास श्वास घेतो आणि त्या मोकळ्या जागेत बेल येतो. 'लर्निंग टू डाय' हे सहा मिनिटांहून मोठे, पोत आणि वेग बदलत जाणारे गाणे या बाजूचा कळस आहे. त्यातही दोघे भरपूर वाजवतात, पण प्रत्येक वळणावर आळीपाळीने. मी एका कागदावर चार-चार मात्रांचे चौकोन आखून बासचे आणि ड्रमचे भराव (मोकळी जागा भरणारे छोटे तुकडे) वेगवेगळ्या रंगांनी भरले, तेव्हा पहिल्या अल्बममधील गाण्याच्या कागदावर रंग सतत एकमेकांवर चढलेले दिसले आणि या कागदावर ते बहुतांशी शेजारी शेजारी बसले. वर्षभराच्या अंतराने त्याच दोन वादकांनी ही मजल मारली होती.

बेलबद्दल येथे थोडे विषयांतर करतो. रमोन्समधील त्याचे सरळ, न अडखळता धावणारे वादन ऐकलेल्या कोणालाही डस्टमधील त्याचे रोल ऐकून हा तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही, आणि पंक संगीताने त्याला साधे वाजवायला लावले असे सर्रास म्हटले जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. 'हार्ड अटॅक'च्या संथ भागांत तो हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नुसता ठेका धरून बसतो, गिटारला पुढे जाऊ देतो आणि मोह होण्यासारखी जागा असूनही हात आखडता घेतो. पुढच्या काळातील काटकसरीचे बीज इथे दिसते. मेट्रोनोम लावून वाजवू पाहणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. लय जिवंत आहे, जोरकस भागांत ती किंचित पुढे सरकते आणि यंत्राच्या टिकटिकीशी भांडण होते. त्यापेक्षा थेट ध्वनिमुद्रणाबरोबरच सराव करणे श्रेयस्कर.

दुसऱ्या बाजूची सर्वच गाणी मला सारख्या तोलाची वाटत नाहीत. 'ऑल इन ऑल' उत्तम आहे. 'आय बीन थिंकिन' हे छोटे, कंट्री धाटणीचे गाणे आणि 'हाउ मेनी हॉर्सेस' यांना अनेक जण भरतीची गाणी म्हणून बाजूला सारतात, पण ॲरनसन बासखेरीज स्टील गिटार आणि डोब्रो (धातूच्या तबकडीची गिटार) हीही वाजवत असे, आणि सुरावर घसरत जाणाऱ्या वाद्यांची ही सवय त्याच्या बासमध्येही उतरली आहे, हे ध्यानात घेतले की ही गाणी निराळी ऐकू येतात. अशा शांत गाण्याची सुरुवात पहिल्या अल्बमवरील 'गोइन इझी'मध्येच झाली होती. दुसऱ्यावर फक्त त्याला योग्य शेजार मिळाला. पहिल्या बाजूवरील 'दसली स्पोकन'मधील तंतुवाद्यांचा साज मात्र मला आजही किंचित जड वाटतो, आणि वाइजचा आवाज अशा भव्य पार्श्वभूमीपुढे तोकडा पडतो हेही मान्य करायला हवे. रिफ चालू असताना तोच आवाज चपखल बसतो.

घाम काढणारे गाणे म्हणजे अर्थातच 'सुइसाइड'. गीत काळ्या विनोदाचे आहे आणि त्यापेक्षा संगीतच अधिक गंभीर आहे. मुख्य रिफ उतरवायला वेळ लागला नाही. अडचण आली ती मधल्या बासच्या एकल वादनात. चार तारी बासची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, आणि त्या पट्ट्यात द्रुत स्वर वेगळे ओळखणे कानाला जड जाते. त्यावर डिस्टॉर्शन आले की प्रत्येक स्वराची वरची आवर्तने (हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) इतकी बळकट होतात की मूळ स्वर कोणता आणि त्याचे वरचे सप्तक कोणते, याचा घोळ होतो. मी तो भाग संगणकावर एक सप्तक वर नेला, वेग मूळच्या निम्मा केला आणि दोन-दोन मात्रांचे तुकडे फिरवत ऐकले. सप्तक वर गेल्याबरोबर स्वर स्पष्ट झाले, पण आणखी एक गोष्ट उघड झाली, जी स्वरलेखनात कुठेच पकडता येत नाही: काही स्वरांचा आरंभ तारेवरच्या आघाताने होत नाही, आधीच्याच स्वरावरून बोट घसरत येऊन पुढचा स्वर उमटतो. स्वर तेच ठेवून प्रत्येकाला वेगळा आघात दिला तर ओळ बरोबर असूनही कवायतीसारखी वाजते. सध्या पिकचा (तार छेडण्याच्या चपट्या तुकड्याचा) आघात फक्त तुकड्याच्या पहिल्या स्वरावर ठेवून पुढचे दोन-तीन स्वर डाव्या हातानेच काढण्याचा सराव चालू आहे. तीन चतुर्थांश वेगापर्यंत ते जमते, त्यापुढे तारांचा अनावश्यक आवाज आटोक्यात राहत नाही. ॲम्पवर गेन (आत येणारा आवाज वाढवण्याची पातळी) निम्म्याने कमी केल्यावर परिस्थिती पुष्कळ सुधारली. ध्वनिमुद्रणातील आवाज आपण समजतो तितका फुटलेला नाही, त्याचा दणका हाताच्या जोरातून येतो, असे आता वाटू लागले आहे.

मुखपृष्ठाबद्दल दोन वाक्ये लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या अल्बमवर पालेर्मोच्या कॅपुचिन तळघरातील सुकलेले मृतदेह होते. दुसऱ्यावर फ्रँक फ्राझेटाचे बर्फातील योद्ध्यांचे चित्र आहे. अशा चित्रांची हेवी मेटलमध्ये पुढे इतकी रेलचेल झाली की १९७२ मध्ये ते किती ताजे वाटले असेल याची कल्पना करणे आज अवघड आहे, आणि एलपीच्या आकारातच ते पाहण्यात अर्थ आहे.

बाकी कामांत 'आयव्हरी' पहिले आहे. शब्दविरहित, वेगवान आणि छोटी रचना असल्याने तिथे गायनाचा आधार नाही, त्यामुळे चौकोनांचा रंगीत कागद आधी तयार करून मगच वाद्य हातात घेणार आहे. त्यानंतर 'ऑल इन ऑल'. 'सुइसाइड'मधील एकल भाग ज्यांनी पूर्ण वेगात बसवला आहे, त्यांनी तो बासच्या मानेवर कोणत्या पट्ट्यात वाजवला हे अवश्य सांगावे. मी सध्या पाचव्या ते नवव्या पडद्यांदरम्यान वाजवतो आहे, पण शेवटच्या उतरत्या तुकड्यासाठी हात फार लांब न्यावा लागतो आणि यापेक्षा सोयीची जागा असणार असा दाट संशय आहे.